"साउंडला हात लावला की गुदगुल्या होतात" – घरातील म्युझिक सिस्टिमचा सुरक्षित वापर आणि निगा



सातवीला ध्वनीचा धडा शिकवून झाल्यावर मी मुलांना एक छोटा गृहपाठ दिला होता. घरात आवाज करणारी यंत्रं कोणती, ती कुठे ठेवली आहेत आणि त्यांच्याबद्दल तुम्हाला माहीत असलेली एक गोष्ट, एवढंच लिहायचं. मिक्सर, पंखा, मोबाइल, पाण्याची मोटर अशी नेहमीची उत्तरं आली. एका मुलाने मात्र लिहिलं होतं, "आमच्या घरी मोठा साउंड आहे. आजोबा त्यावर भजन लावतात. ओल्या हाताने हात लावला की गुदगुल्या होतात."

वही तपासता तपासता मी तिथेच थांबले. मुलाला त्या गुदगुल्या गंमत वाटत होत्या. मला माहीत होतं की ती गंमत नाही, तो विजेचा झटका आहे. फक्त अजून लहान आहे.

शाळा सुटल्यावर त्याच्या घरी गेले. दिवाणखान्यात शोकेसच्या कप्प्यात पत्र्याच्या बॉडीचा जुना अ‍ॅम्प्लिफायर, दोन बाजूंना कमरेएवढे उंच स्पीकर. अ‍ॅम्प्लिफायरवर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर पाणी घातलेली फुलदाणी. आजोबांनी कौतुकाने लावून दाखवला. आवाज छान होता, पण मागे बारीक "घूंऽऽ" चालू होती. मी करंटचा विषय काढला तर आजोबा हसले. "मॅडम, दहा-बारा वर्षं झाली. थोडं थोडं येतं, पण कुणाला काही झालं नाही आजवर."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. कदाचित स्वतः म्हटलंही असेल. म्हणून आजचा लेख.

तीन भोकं म्हणजे अर्थिंग नव्हे

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओळखीचा वायरमन आला. अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग तीन पिनांचा, धडधाकट. भिंतीतलं सॉकेटही ठीक, त्यात अर्थिंग येत होतं. दोष मधल्या एक्स्टेंशन बोर्डात निघाला. बोर्डवर प्रत्येक सॉकेटला तीन भोकं होती, पण त्याच्या वायरमध्ये ताराच दोन होत्या. वरचं मोठं भोक नुसतंच भोक! त्याच्या मागे काही जोडलेलंच नव्हतं. बाजारात असे बोर्ड सर्रास मिळतात आणि स्वस्त म्हणून आपण घेतोही.

तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन जाड आणि लांब का असते, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. लांब असल्यामुळे ती प्लग लावताना सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. म्हणजे यंत्रात वीज आहे तेवढा सगळा वेळ अर्थिंग असतंच. यंत्राच्या आत एखाद्या तारेचं आवरण झिजून ती बॉडीला टेकली, तर वीज या पिनेवाटे जमिनीत जाते, प्रवाह एकदम वाढतो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते. अर्थिंग नसेल तर काहीच होत नाही. पत्र्याची बॉडी गुपचूप वीज घेऊन बसून राहते आणि हात लावणाऱ्या माणसाची वाट पाहते. आपल्याकडे घरातला पुरवठा 230 व्होल्टचा असतो, हे विसरू नका.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक झिणझिणी म्हणजे जीवघेणा बिघाड असंही नाही. आजकालच्या बऱ्याच उपकरणांत विजेतली खरखर गाळण्यासाठी लहान कपॅसिटर बसवलेले असतात. अर्थिंग तुटलेलं असेल तर त्यांच्यातून अगदी थोडी वीज बॉडीवर येते. तिने मुंग्या येतात, पण सहसा इजा होत नाही. पण आत झिजलेली तार आहे की हा निरुपद्रवी कपॅसिटर आहे, हे हात लावून कळत नाही. टेस्टरचा दिवा तर दोन्ही वेळा लागतो. शिवाय कोरड्या हाताला जे जाणवतही नाही, ते ओल्या हाताला, पुसलेल्या ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाला फार मोठं असू शकतं. म्हणून नियम एकच: झिणझिणी आली की स्विच बंद, प्लग बाहेर आणि वायरमनला फोन.

"आमच्याकडे एमसीबी आहे की" असं पालक सांगतात. एमसीबी असावीच, पण ती मुख्यतः वायरिंग वाचवते. प्रवाह काही अँपिअरच्या पुढे गेला की ती पडते. माणसाच्या छातीतून गेलेले काही दहा मिलिअँपिअरसुद्धा जीव घेऊ शकतात; एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसासाठी असते ती आरसीसीबी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत फरक दिसला की ती क्षणार्धात पुरवठा तोडते. घरासाठी 30 मिलिअँपिअरची बसवतात. तिच्यावर "टी" किंवा "टेस्ट" लिहिलेलं एक बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून ती पडते का ते पाहावं. माझ्या स्वतःच्या घरात हे बटण कित्येक वर्षं कुणी दाबलं नव्हतं, हेही कबूल करते.

काही छोट्या सिस्टिमना दोनच पिना असतात. त्यात गैर काही नाही. उपकरणाच्या मागच्या पट्टीवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असेल तर त्याला दुहेरी आवरण आहे आणि अर्थिंगची गरज नाही. मात्र तीन पिनांच्या प्लगची वरची पिन तोडून तो दोन पिनांच्या बोर्डात बसवणं हा आपला जुना घरगुती उद्योग आहे. तो कृपया बंद करा.

तसाच दुसरा उद्योग म्हणजे फ्यूज उडाला की त्यावर सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळणे. फ्यूज का उडाला याचं उत्तर त्या कागदात नसतं. जेवढ्या अँपिअरचा होता तेवढ्याच अँपिअरचा नवा घालायचा, आणि तोही लगेच उडाला तर सिस्टिम दुकानात न्यायची. घरी झाकण उघडायचं नाही. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहिलेली असते.

दुर्दैवाने घरात कुणाला झटका बसलाच, तर त्या माणसाला धरून ओढायला जाऊ नका, ओढणाराही चिकटतो. आधी मेन स्विच बंद. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी पाटावर उभं राहून कोरड्या काठीने वायर बाजूला सारायची आणि 108 ला फोन करायचा. मुलांना एवढंच शिकवा: हात लावायचा नाही, मेन बंद करायचा, मोठ्याने हाक मारायची. आपल्या घराचा मेन स्विच कुठे आहे, हे सातवीच्या मुलाला माहीत हवं. माझ्या वर्गात बऱ्याच जणांना माहीत नव्हतं.

रुमाल, फुलदाणी आणि दसरा

आता निगेकडे येऊ. अ‍ॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेचा बराच भाग उष्णतेच्या रूपात बाहेर टाकतो. म्हणून त्याच्या वर आणि बाजूला जाळ्या असतात. आपण त्यांच्यावर हौसेने विणलेला रुमाल घालतो. वस्तू झाकून जपायची ही आपल्याकडची माया आहे, पण चालू यंत्राला ती मानवत नाही. वर निदान वीतभर जागा मोकळी ठेवा. बंद काचेच्या कप्प्यात असेल तर वाजवताना काच उघडा. धूळ नको म्हणून रुमाल घालायचाच असेल तर सिस्टिम बंद करून थंड झाल्यावर. अ‍ॅम्प्लिफायरवर पाण्याचं भांडं, समई, निरांजन किंवा उदबत्तीचं घर ठेवायचं नाही.

दसऱ्याला आपण यंत्रांची पूजा करतो. जरूर करावी. फक्त त्या दिवशी आधी प्लग काढा. फुलाने पाणी शिंपडू नका, आणि हळदकुंकू बटणांवर किंवा जाळीवर न लावता लाकडी बॉडीवर किंवा टेबलावर लावा. कुंकवाची पूड व्हॉल्यूमच्या बटणात शिरली की ते फिरवताना खरखर ऐकू येते. मग कुणीतरी त्यात खोबरेल तेल सोडतं आणि तेलावर आणखी धूळ चिकटते. या खरखरीवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मिळतो. तो मेकॅनिककडून मारून घेतलेला बरा.

पुसायला कोरडं मऊ फडकं आणि जाळीच्या फटींसाठी रंगाचा मऊ ब्रश पुरतो. ओलं फडकं, फिनेल, काच पुसायचा फवारा हे काही नको. स्पीकरच्या मधोमध असलेला फुगीर गोल भाग लहान मुलांना बोटाने दाबून पाहायला फार आवडतो. तो एकदा आत गेला की सहजी बाहेर येत नाही. म्हणून जाळी काढून ठेवू नका.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, कपाटात बंद पडलेल्या सिस्टिमला दमटपणा धरतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास वाजवली तर आतली ऊब ओल घालवते. विजांचा कडकडाट होण्याची चिन्हं दिसली की प्लग काढून ठेवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. टीव्हीच्या सेट टॉप बॉक्समधून सिस्टिमला वायर आली असेल तर तीही काढा, कारण गच्चीवरच्या छत्रीच्या वायरीतूनही विजेचा लोट घरात येतो. पण हे सगळं वादळ यायच्या आधी. वीज डोक्यावर कडाडत असताना वायरींना हात लावायला धावू नये.

आवाज "फाटतो" म्हणजे काय होतं

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे यंत्राची काळजी आणि मुलांची काळजी एकच होऊन जाते.

व्हॉल्यूम वाढवत गेलं की एका टप्प्यावर आवाज मोठा होण्याऐवजी फाटायला लागतो. अ‍ॅम्प्लिफायरकडे जेवढी ताकद आहे त्याहून जास्त आपण मागितलेली असते. मग ध्वनीच्या लहरींचे वरचे गोल माथे कापले जाऊन सपाट होतात. अशा कापलेल्या लहरीत बारीक, तीक्ष्ण स्वरांची ऊर्जा वाढते आणि ती सगळी जाते ट्वीटरकडे, म्हणजे स्पीकरमधल्या सर्वांत छोट्या आणि नाजूक भागाकडे. त्याची केसासारखी तार तापते आणि जळते. लोकांना वाटतं, मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरने स्पीकर जळतात. खरं तर छोटा अ‍ॅम्प्लिफायर दामटल्यानेही तेवढेच जळतात. खोक्यावर हजारो वॉट लिहिलेले असतात त्यावर जाऊ नका. "पीएमपीओ" लिहिलेला आकडा फुगवलेला असतो. "आरएमएस" लिहिलेला आकडा शोधा.

आणि मुळात घरात किती वॉट लागतात? एका मध्यम प्रतीच्या स्पीकरला एक वॉट दिला तर एक मीटरवर साधारण 88 डेसिबल आवाज येतो. दहा वॉट दिले तर 98, शंभर दिले तर 108. म्हणजे दहापट वीज, तेव्हा कुठे दहा डेसिबल वाढ. रोजच्या ऐकण्याला एखादा वॉटही पुरतो. उरलेली ताकद आपण शेजाऱ्यांसाठी विकत घेतलेली असते!

आता हेच आकडे कानाच्या बाजूने पाहा. कारखान्यातल्या कामगारांसाठी 85 डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास ही मर्यादा पुष्कळ ठिकाणी धरतात. त्यातला एक प्रचलित हिशेब असा, की आवाज तीन डेसिबल वाढला की वेळ निम्मी होते. 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा तास. म्हणजे दहा वॉटवर चाललेल्या त्या स्पीकरसमोर मीटरभर अंतरावर बसलेल्या मोठ्या माणसाचा दिवसाचा वाटा अर्ध्या तासाच्या आतच संपतो. मुलांसाठी मर्यादा आणखी खाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये गाणी ऐकण्याच्या उपकरणांसाठी जे मानक काढलं, त्यात मोठ्यांसाठी आठवड्याला 80 डेसिबलमध्ये 40 तास आणि मुलांसाठी 75 डेसिबलमध्ये 40 तास असं धरलं आहे. वर्गात हा हिशेब फळ्यावर करून घ्या. भूमिती श्रेढीचं इतकं जिवंत उदाहरण पुस्तकात नाही.

आपल्या प्रत्येक कानाच्या आतल्या शंखात सुमारे 15,000 केसपेशी असतात. मेल्या की त्या पुन्हा उगवत नाहीत. जळलेला ट्वीटर दुकानात मिळतो. आणि घरात स्पीकर कुठे असतो? जमिनीवर. त्याच्या समोर कोण बसतं? मोठी माणसं सोफ्यावर, दोन-अडीच मीटर लांब. लहान मूल सतरंजीवर, स्पीकरच्या तोंडाशी. आपल्याला "ठीक" वाटणारा आवाज त्याच्या कानाशी कितीतरी मोठा असतो. म्हणून आवाज ठरवायचा तो मूल बसतं त्या जागी आपला कान नेऊन. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागत असेल तर आवाज जास्त आहे. ऐकून झाल्यावर कानात शीळ वाजत राहिली तर तो नक्कीच जास्त होता. मोबाइलवरची डेसिबल मोजणारी अ‍ॅप अंदाजापुरती वापरा.

शेजाऱ्यांची बाजूही आहेच. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. स्वतःच्या घरातल्या सिस्टिमचा आवाजसुद्धा आपल्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त जाता कामा नये. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या घराचा विचार नियमाशिवायही करता येतो.

जोडताना काही गोष्टी

स्पीकरच्या वायरी जोडताना सिस्टिमचा प्लग काढलेला असावा. लाल टोक लालला, काळं काळ्याला, दोन्ही स्पीकरना सारखंच. एका बाजूला उलटं झालं तर काही जळत नाही, पण दोन स्पीकर एकमेकांविरुद्ध हलतात आणि तबल्याचा बायां अंग गमावल्यासारखा पोकळ वाजतो. वायरीचा एक केसाएवढा सुटा धागा शेजारच्या टोकाला टेकला तर मात्र अ‍ॅम्प्लिफायर जाऊ शकतो. म्हणून टोकं पीळ देऊन घट्ट करा. 8 ओहमचे दोन स्पीकर एकाच टोकाला समांतर जोडले की 4 ओहम होतात आणि अ‍ॅम्प्लिफायरवर भार वाढतो. मागे किमान ओहमचा आकडा छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय जास्तीचा स्पीकर लावू नये.

सुरू करताना आधी सीडी प्लेअर, टीव्ही किंवा मोबाइल जोडायचा, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना आधी अ‍ॅम्प्लिफायर. त्यामुळे तो "धप्प" आवाज येत नाही. दोन्ही वेळा व्हॉल्यूम खाली.

गणपतीत एकाच एक्स्टेंशनवर सिस्टिम, माळा, फोकस आणि घाईत कपड्यांची इस्त्रीही चढते. 6 अँपिअरच्या सॉकेटला 230 व्होल्टवर सुमारे 1380 वॉट झेपतात; एकटी इस्त्रीच हजार वॉटच्या आसपास असते. वायर सतरंजीखालून नेऊ नका. पायाखाली ती तुडवली जाते आणि गरम झाली तरी कळत नाही.

आणि दोन गोष्टी अगदी छोट्या मुलांच्या घरांसाठी. उंच स्पीकर आणि हलका रॅक यांना धरून मूल उभं राहतं, तेव्हा ते भिंतीला पट्टीने बांधून टाका. दुसरं म्हणजे छोट्या चपट्या रिमोटमधला बटणासारखा गोल सेल. मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवत बसू नका, "शी वाटे पडेल" म्हणून थांबू नका, लगेच एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात न्या. त्या रिमोटच्या झाकणाला स्क्रू नसेल तर चिकटपट्टी लावून ठेवा.

शिक्षकांसाठी: हा गृहपाठ मी आता थोडा बदलला आहे. मुलांनी कशालाही हात लावायचा नाही. मोठ्या माणसाने प्लग काढून दाखवायचा आणि मुलांनी फक्त पाहून लिहायचं: पिना किती, वरची पिन आहे का, वायर कुठे सोललेली आहे का, एक्स्टेंशनच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगला पिना किती, अ‍ॅम्प्लिफायरवर काय ठेवलंय, स्पीकरपासून धाकटं भावंडं किती पावलांवर बसतं. परिपाठाच्या माइकचा बोर्डही या यादीत घाला. आमच्या शाळेतला आम्ही त्यामुळेच बदलला.

पहिल्या फेरीत चार मुलांनी एक्स्टेंशनचा प्लग दोन पिनांचा असल्याचं लिहून आणलं. त्या मुलाच्या घरी आता तीन तारांचा बोर्ड आहे. त्याने नव्या वहीत लिहिलंय, "आता गुदगुल्या होत नाहीत. घूं पण गेलं. आजोबा म्हणतात, आधी का नाही सांगितलं."